कोदाला ओदा म्हणणारा भोंगा

कामोरी, १५ नोव्हेंबर २००५

प्रिय तोमिए ताई,

मित्सुएचा वाकून नमस्कार. तिकडे नागोयाला थंडी कितपत आहे? इकडे सकाळी छपरं पांढरी दिसायला लागली आहेत. पर्सिमन उतरवून, सोलून, दोरीला टांगून झालेत आणि आमचे हे नेहमीप्रमाणे ते वाळायच्या आधीच ‘वाळले का बघतो’ म्हणून खातायत. भावोजींचे गुडघे कसे आहेत? तुझा रक्तदाब, तुझ्या सुनेची नवी नोकरी, कचऱ्याच्या पिशव्यांवरून शेजारच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, सगळं सविस्तर कळव. आई ठणठणीत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, ताई. आई ठणठणीत आहे, काल तिने अर्धा मुळा एकटीने किसला आणि माझ्या आमटीला नावं ठेवली. हे मी आधीच लिहून ठेवतेय, कारण पुढचं वाचताना तू मध्येच पत्र टाकून फोनकडे धावशील. धावू नकोस. चहा घे, बस, आणि मग वाच.

तर गेल्या गुरुवारची गोष्ट. पण गुरुवारपर्यंत पोचायला आधी भोंग्याचं सांगावं लागेल (तू म्हणशील, ही लहानपणापासून अशीच, दुकानात मीठ आणायला पाठवलं तर गावभर हिंडून येते. खरंय). तू लग्न होऊन गेलीस तेव्हा गावात भोंगे नव्हते. ते चौऱ्याहत्तर साली आले. पूर आला, वणवा लागला तर लोकांना कळावं म्हणून प्रत्येक वाडीत उंच खांबावर चार तोंडांचा भोंगा बसवला, आणि त्या सगळ्या भोंग्यांच्या दुसऱ्या टोकाला, कचेरीच्या वरच्या मजल्यावर, दप्तरखान्याशेजारच्या खोलीत, मला बसवलं. आता पूर काही रोज येत नाही. पण भोंगा रोज चालू आहे हे तपासायला रोज काहीतरी बोलावं लागतं. म्हणून मी सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला बोलायचे. उद्या कचऱ्याची गाडी येणार आहे. म्हाताऱ्यांना तापाची लस शुक्रवारी मिळेल. वरच्या आळीत रानडुक्कर दिसलंय, मुळ्याच्या शेताकडे लक्ष ठेवा. कुवादाच्या मासळीचा टेम्पो आज तासभर उशिरा आहे. यातलं शेवटचं वाक्य सरकारी कागदावर नसायचं, ते मी माझ्या मनाचं घालायचे, आणि बांगडा चांगला असला तर तेही सांगायचे. नगराध्यक्षांनी एकदा मला बोलावून घेतलं आणि भोंगा सरकारी आहे, त्यावरून बांगड्याची शिफारस करू नये अशी समज दिली. त्या दिवशी संध्याकाळी मी बांगड्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तर त्यांच्याच बायकोचा कचेरीत फोन आला, आज टेम्पोत काय आहे म्हणून. एकतीस वर्षं असं चाललं, ताई. एकतीस वर्षांत मी दोनदाच सुट्टी घेतली, एकदा माझ्या बाळंतपणाला आणि एकदा बाबा गेले तेव्हा.

मग हे एकत्रीकरण आलं. कामोरी, ओतानी आणि हिनाझे या तीन गावांचं मिळून एक शहर करायचं ठरलं, कारण वरून तसं ठरलं होतं. नाव ठरवायला समिती बसली ती अकरा महिने उठली नाही. कामोरीचं नाव ठेवलं तर ओतानीवाले रुसणार, ओतानीचं ठेवलं तर आम्ही रुसणार, आणि हिनाझेवाले कशानेही रुसणारच होते. शेवटी कोणालाच राग येऊ नये म्हणून कोणाचंच नसलेलं नाव निवडलं, ‘कोहारु’. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचं कोवळं ऊन. ऐकायला गोड आहे, एखाद्या बालवाडीला शोभेल. मार्चच्या शेवटच्या दिवशी कचेरीसमोर आपला झेंडा उतरवला. बँडवाल्यांनी कामोरीचं गाणं वाजवलं, त्याच्या दुसऱ्या कडव्याचे शब्द कोणालाच येत नव्हते, सगळे नुसते ओठ हलवत होते, आणि तरीही मागच्या रांगेतली माणसं रुमाल काढत होती. दुसऱ्या दिवसापासून आपली कचेरी शाखा झाली, मुख्य कचेरी अठरा किलोमीटरवर ओतानीला गेली, आणि भोंगाही तिकडे गेला. म्हणजे खांब इथेच आहेत, बोलणारा तिकडे. मला फुलांचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं.

आता तिकडून काताओका सान बोलतात. माणूस वाईट नाही. आवाज धुऊन इस्त्री केल्यासारखा, रेडिओवर बातम्या देणाऱ्याचा. पण ते ओतानीचे. आपल्या वाड्यांची नावं लिहायची एक आणि म्हणायची दुसरी, हे त्यांना कोण सांगणार? आपलं कोदाच घे. ‘लहान’ आणि ‘शेत’ अशी दोन अक्षरं लिहितात. आपण त्याला कोदा म्हणतो, आपले पणजोबाही कोदाच म्हणत असणार. पण परका माणूस तीच अक्षरं ओदा अशी वाचतो. यात काताओका सानांचा दोष नाही. दुर्दैव एवढंच की ओतानीच्या पलीकडे, त्यांच्या डोंगरात, तीच दोन अक्षरं लिहिणारी एक वाडी खरोखरच आहे आणि तिचं नाव खरोखरच ओदा आहे. तीन गावं एक करताना सगळ्यांनी झेंडे मोजले, पूल मोजले, पण ही एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

आता गुरुवार. (चहा संपला असेल तर आणखी घे.) दर गुरुवारी दुपारी मी स्कूटरवर आईचा डबा घेऊन कोदाला जाते. त्या दिवशी गेले तर घर उघडं, आई नाही. काठी नाही, बाहेर जायच्या चपला नाहीत. पर्सिमनच्या झाडाखाली बघितलं, मुळ्याच्या वाफ्यात बघितलं, बाबांच्या थडग्याशी जाऊन आले. शेजारी म्हणजे आता एकच घर उरलंय, तिथल्या आजींना ऐकू येत नाही. एक वाजला. तुला माहितेय, गेल्या वर्षापासून ती कधी कधी वार विसरते, पण वाट कधी विसरली नव्हती. मी शाखा कचेरीत धावले.

पूर्वी असं काही झालं की मी जिना चढायचे, बटण दाबायचे आणि बोलायचे. आता हरवलेल्या माणसाचा फॉर्म असतो. शाखाप्रमुख इशितोबी (तो गं, जो नोकरीला लागला तेव्हा मला पाहून उठून उभा राहायचा) त्याने तो फॉर्म माझ्यापुढे ठेवला, मी भरला, त्याने शिक्का मारला, फॅक्सने ओतानीला पाठवला, तिथे वरिष्ठांचा शिक्का बसला, आणि मग तो काताओका सानांच्या टेबलावर गेला. तोपर्यंत मी परत कोदाला पोचले होते, देवळाच्या अंगणात हाका मारत होते. दोन वाजायला आले तेव्हा भोंगा बोलला. ओदा येथील शहाऐंशी वर्षांच्या एक वृद्ध महिला सकाळपासून बेपत्ता आहेत, अंगात जांभळा स्वेटर आहे, कोणास आढळल्यास कळवावे. आणि ताई, मी माझ्या तोंडाने म्हणाले, “अगं बाई, तिकडेही कोणीतरी हरवलीय बिचारी.” पायऱ्या उतरून अर्ध्या वाटेत आले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आईच्या घरून इशितोबीला फोन केला. तो फार नम्रपणे म्हणाला की घोषणा दुरुस्त करता येते, पण दुरुस्तीचा फॉर्म वेगळा, आणि ठिकाण बदलायचं असेल तर ती दुरुस्ती न धरता नवीन प्रकरण धरतात, मग जुनं आधी बंद करावं लागेल. तोवर तिकडे ओतानीच्या अग्निशमन दलाचे तीस स्वयंसेवक कामं टाकून, बूट चढवून, ओदाच्या डोंगरात शिरलेही होते. त्यांची तक्रार नाही. अनोळखी म्हातारीसाठी ती माणसं काट्याकुट्यात हिंडली. पण आपली आई तिथे नव्हती ना.

आपली आई कुठे होती, ते मला नंतर कळलं, तुला आत्ताच सांगते, नाहीतर तुझा रक्तदाब वाढेल. ती खालच्या फाट्यावर बसथांब्यात बसली होती (मी स्कूटरवर वरच्या रस्त्याने जाते-येते, तो फाटा मला लागतच नाही). दहा वीसच्या बसची वाट बघत. ती बस एप्रिलपासून बंद आहे. पण थांब्याची शेड तशीच आहे, वेळापत्रकाची पाटी कोणी काढली नाही, आणि आईचा छापील अक्षरावर विश्वास. सकाळी दहापासून ती तिथे ताठ बसून होती, बस जरा उशिरा आहे असं समजून. दुपारी कुवादा टेम्पो घेऊन वर चालला होता. त्याने थांबून विचारपूस केली, घरी सोडू का म्हणाला, ती नको म्हणाली, बस येईलच. त्याने तिला दोन संत्री दिली. ती सोलत असतानाच वरून काताओका सानांची घोषणा झाली. दोघांनी शांतपणे ऐकून घेतली. आई म्हणाली, “ओदाची कोणी आहे. घरच्यांचं लक्ष नको का?” कुवादाही म्हणाला, हल्ली घरच्यांचं लक्षच नसतं. आणि तो मासळी विकायला वर निघून गेला. (शहाऐंशी वर्षांची बाई समोर बसलेली, आणि या माणसाला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, पण स्वेटर जांभळा नव्हता. खरंच नव्हता. तू पाठवलेला जांभळा स्वेटर ती रोज घालते असं मी तुला कळवत असते म्हणून फॉर्मवर हात आपोआप तेच लिहून गेला. तो पेटीत आहे, कागदासकट. अंगात तिचा नेहमीचा तपकिरी कोट होता.)

सव्वातीनला मी पुन्हा शाखेत पोचले. जिना चढले. ती खोली आता कुलूपबंद असते. इशितोबी माझ्यामागून आला, नियम सांगू लागला, आणि सांगता सांगता मध्येच थांबला. मग त्याने खिशातून किल्ली काढून खिडकीत ठेवली आणि म्हणाला, मी खाली फॅक्स आला का बघून येतो, पंधरा मिनिटं लागतील. मी दार उघडलं. खुर्चीवर माझी उशी तशीच होती. बटण दाबलं तर लाल दिवा लागला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे कागद नव्हता. मग बोलले ते असं:

“मी मित्सुए बोलतेय. कामोरीच्या सगळ्यांनो, मघाशी ओदा म्हणाले ते चुकलं. आपल्या कोदाची माझी आई सकाळपासून सापडत नाही. कोणी पाहिली असेल तर शाखेत फोन करा. आई, ऐकतेयस ना? जिथे असशील तिथेच बस. मी येते.”

तीन मिनिटांत खाली फोन वाजला. पोस्टाजवळच्या बाईंनी सकाळी तिला फाट्यावर बसलेली पाहिली होती. इशितोबीने त्याची गाडी काढली. फाट्यावर पोचलो तर आमच्या आधी पाच-सहा जण आलेले, आणि थांबा रिकामा. बाकावर संत्र्याच्या साली होत्या, नीट घडी घालून कागदात ठेवलेल्या, जशी ती ठेवते तशा. रस्त्याच्या पलीकडे उतार आहे आणि खाली नदी आहे, तुला माहितेय. ऊन डोंगराआड चाललं होतं. कोणीतरी उताराकडे बघायला गेलं, आणि मला त्याच्या पाठीकडे बघवेना, म्हणून मी त्या सालीच बघत बसले.

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला. शाखेत इशितोबीच्या हाताखालच्या बाई होत्या, जन्मात कधी माइकसमोर न बसलेल्या. त्या घाबरत घाबरत म्हणाल्या, “मित्सुए सान, तुमच्या आई घरी आहेत. चहा ठेवलाय म्हणतायत. लवकर या म्हणतायत.” आणि बटण बंद करायचं विसरल्यामुळे पुढची दोन मिनिटं त्यांचं नाक शिंकरणं सगळ्या खोऱ्याने ऐकलं.

झालं होतं असं. मी बोलले तेव्हा कुवादाचा टेम्पो परतताना पुन्हा थांब्यापाशी आला होता. माझा आवाज ऐकल्यावर आई उभी राहिली, शेवटपर्यंत ऐकलं, आणि कुवादाला म्हणाली, “बघ, कामावर आहे ती. मला वाटलं आजारी पडली. चल, घरी सोड मला.” त्याने सोडलं आणि तिथूनच शाखेला फोन लावला. जिथे आहेस तिथेच बस, हे मी म्हणाले ते तिने ऐकलंच नाही, ताई. तिने फक्त आवाज ऐकला.

घरी गेले तर ओसरीवर बसून ती कुवादाला मुळ्याचं लोणचं वाढत होती. मी रागावणार होते. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तिनेच आधी सुरुवात केली. म्हणाली, आठ महिने झाले तुझा आवाज नाही, सकाळी नाही, संध्याकाळी नाही, एवढं मोठं दुखणं आणि मला कोणी कळवत नाही. म्हणून मीच निघाले कचेरीत विचारायला. “अगं, मी दर गुरुवारी तुझ्यासमोर बसून जेवते,” मी म्हटलं, “बोलते, भांडी घासते.” “ते गुरुवारचं,” ती म्हणाली. “मी रोजचं विचारतेय.” एकत्रीकरणाचं मी तिला वीस वेळा समजावलं होतं. तिला ते समजलंही होतं, गाव गेलं, झेंडा गेला, हे तिने मान हलवून मान्य केलं होतं. पण त्यात माझा आवाजही गेला, हे मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगताना मलाच जड जायचं, म्हणून टाळायचे.

इतक्यात बाहेर दोन गाड्या थांबल्या. ओतानीचे स्वयंसेवक. फार आनंदात होते, कारण त्यांना म्हातारी सापडली होती. खरोखरच. ओदाच्या डोंगरात मशरूम वेचणाऱ्या हात्सुयो नावाच्या आजी, वय चौऱ्याऐंशी, अंगात जांभळा स्वेटर. त्या तासभर सांगत होत्या की मी हरवलेली नाही, माझं घर त्या तिथे दिसतंय, पण हरवलेली माणसं असंच म्हणतात असं त्या मुलांना प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. ओळख पटवायला घेऊन आले होते. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना नीट न्याहाळलं. मग हात्सुयो आजी आईला म्हणाल्या, तुमच्यासाठी मला पकडून आणलंय. आईने त्यांना चहा दिला, त्यांनी टोपलीतली अर्धी मशरूम आईच्या ताटात ओतली, आणि पुढचा तासभर तेवीस माणसं आमच्या अंगणात उभ्याने चहा पीत असताना या दोघी सासवांबद्दल बोलत बसल्या. ती सगळी निघाली तेव्हा आई मला म्हणाली, ते तुमचं एकत्रीकरण की काय, आज पहिल्यांदा त्यातून काहीतरी आलं.

शनिवारी काताओका सान आले. लाल घेवड्याच्या पुरणाच्या मिठाईचा खोका घेऊन, उंबऱ्यापाशी कमरेत इतके वाकले की आमच्या ह्यांना त्यांच्या पाठीची काळजी वाटली. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता. म्हणाले, कामोरीच्या सगळ्या वाड्यांची नावं तुम्ही म्हणून दाखवा, मी पाठ करतो. एकशे सत्तेचाळीस नावं आहेत. मी एकेक म्हणायचे आणि ते मागून म्हणायचे, शाळेतल्यासारखं. दोन तास लागले. त्यातल्या चार वाड्यांत आता कोणीच राहत नाही, घरंही पडलीत. तीही मी म्हटली. त्यांनी थांबून विचारलं, इथे कोणी असतं का? मी म्हटलं, नाही, पण चुकीचं नका म्हणू. त्यांनी ती दोनदा म्हटली. काही नावं माझ्याही तोंडून कित्येक वर्षांनी आली, ताई. म्हणताना एकेका वाडीची वाट डोळ्यांसमोर येत होती, शाळेत जाताना आपण जिथे थांबून पाणी प्यायचो तो झराही.

असो. पत्र फार लांबलं. भावोजींना गुडघे सांभाळायला सांग, आणि तू भावोजींना सांभाळ.

तुझी धाकटी बहीण,
मित्सुए

ता. क. — वर मी सगळा दोष काताओका सानांच्या वाचनावर टाकलाय. तुला म्हणून सांगते, त्या फॉर्ममध्ये गावाच्या नावाशेजारी ‘उच्चार’ असा वेगळा रकाना होता. तो मी रिकामा सोडला होता. कोदाचा उच्चार कोणाला लिहून द्यावा लागेल, हे माझ्या मनातच आलं नाही. काताओका सानांनी तो फॉर्म मला दाखवला नाही, नुसते वाकले. मिठाई आम्ही संपवली. चांगली होती.

ता. क. दुसरं — हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं, पत्र त्यासाठीच घेतलं होतं. तू फोनवर म्हणालीस की आईला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही, आणि त्यावरून तू मनाला लावून घेतलंयस. काल पोस्टमनने मला थांबवलं. तीनही पत्रं त्याच्या पिशवीत होती. तू पाकिटावर ‘कोहारु शहर’ असा नवा पत्ता लिहितेस, अगदी नियमाप्रमाणे, आणि आई ते बघून दारातूनच परत करते, म्हणते, अशा गावात माझं कोणी नाही, ही दुसऱ्या कोणाची तरी दिसतात, त्यांना नेऊन द्या. तो बिचारा तुझ्याकडे परत पाठवायला धजत नव्हता. ती मी आज तिला वाचून दाखवली. तिसरं तिने पुन्हा वाचायला लावलं. तेव्हा यापुढे जुनाच पत्ता लिही, ताई, ‘कामोरी, कोदा’ एवढाच. पोस्टमन म्हणालाय, नियमात बसत नाही, पण मी आणतो.